मार्का आणि निष्ठा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या ऋतूत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकांवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आज चालकांनी आम्हांला मागच्या बाकावरून उठवून पुढे उभे केले आहे. आमचे शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण आरे कॉलनीतल्या गोठ्यांच्या युनिटांत, कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणतो, त्यात कोणी गर्व शोधू नये. तीस वर्षे दहा जणांच्या वतीने बोलत आल्यामुळे जिभेला 'मी'ची सवय राहिलेली नाही, इतकेच.

विषय असा आहे : संगीताचे सॉफ्टवेअर विकत घेताना एखाद्या मार्क्याशी निष्ठा राखण्यात काही अर्थ आहे काय? कोणी म्हणेल, कामगार चळवळीतल्या माणसाला हा नसता उद्योग कशाला? त्याने बोनसवर बोलावे. तर हा प्रश्न आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो आमच्या दारात येऊन बसला. आमच्या संघटनेचे एक लहानसे कलापथक आहे. पूर्वी ढोलकी, तुणतुणे आणि पेटी एवढ्यावर त्याचे भागत असे. आता गाणी मुद्रित करून फोनवरून घरोघर पोचवावी लागतात. त्यासाठी संगणक हवा आणि संगणकात सॉफ्टवेअर हवे. गेल्या वर्षी शंभर-शंभर रुपयांची वर्गणी करून आम्ही एकतीस हजार रुपये जमविले. तबेल्यात म्हशी पिळणाऱ्यापासून फिल्मसिटीत दिवे उचलणाऱ्यापर्यंत अनेकांचा घाम त्यात आहे. त्या पैशांतून कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, यावरून पथकात भांडण झाले. ढोलकीवाला म्हणाला, "भाऊ, दहा वर्षे ज्या कंपनीचे वापरले तिचेच घेऊ. मध्येच दुसरीकडे जाणे बरे नव्हे." मुद्रणाचे काम सांभाळणारी मुलगी म्हणाली, "काका, त्याच कंपनीने आपल्याला बुडवले. तिला कसली निष्ठा दाखवायची?" दोघांनी निवाड्यासाठी आमच्याकडे पाहिले, आणि आमची मान खाली गेली. ती का गेली, हे पुढे सांगू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. पूर्वी गाणे मुद्रित करायचे तर स्टुडिओ लागे, फितीची मोठी यंत्रे लागत, ती चालवणारे वाकबगार लोक लागत. आज तो सारा कारखाना एका सॉफ्टवेअरमध्ये मावतो. गाणाऱ्याचा आवाज एका पट्टीवर, ढोलकीचा दुसरीवर, कोरसाचा तिसरीवर असे वेगवेगळे मुद्रण होते. मग कोणाला किती वर आणायचे, कुठे कापायचे, कुठे जोडायचे, हे पडद्यावर ठरते. या सगळ्या ठरविण्याची नोंद ज्या फाइलीत राहते तिला प्रकल्पाची फाइल म्हणू. आवाजाचे तुकडे म्हणजे मणी आणि ही फाइल म्हणजे त्यांत ओवलेला दोरा. मणी बहुधा सर्वांना ओळखता येतील अशा रूपात असतात; दोरा मात्र जो तो कारखानदार आपापल्या पद्धतीने वळतो, आणि एकाचा दोरा दुसऱ्याला सहसा उलगडत नाही. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजायला अडचण नाही.

आता निष्ठेकडे वळू. आपण ज्याला निष्ठा म्हणतो ती कित्येकदा नुसती सवय असते. याचा दाखला आरे कॉलनीच्या आसपासच मिळतो. १९४५ साली मुंबईला दूध पुरविण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा खेडा जिल्ह्यातले दूध गोळा करून आणण्याचे काम पोल्सन कंपनीकडे होते. भाव शेतकऱ्याला परवडेना. १९४६ साली खेड्याच्या दूधवाल्यांनी पंधरा दिवस दूध देणे बंद केले, आणि त्या संपातून आणंदचा सहकारी संघ उभा राहिला. पुढे १९४९ साली दारा खुरोडींच्या देखरेखीखाली आरेची वसाहत उभी राहू लागली. मुंबईच्या गल्लीबोळांतले गोठे तेथे आणले गेले आणि १९५१ साली पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. इकडे आणंदवाल्यांनी 'अमूल' या नावाने लोणी बाजारात आणले. पण पोल्सनच्या लोण्याला चटावलेली जीभ ते घेईना. पोल्सनचे लोणी शिळवलेल्या सायीचे आणि खारट असे. अमूलचे ताज्या सायीचे. ताजे असूनही लोकांना ते अळणी वाटले. शेवटी आणंदवाल्यांना आपल्या लोण्याची चव लोकांच्या जिभेला मानवेल अशी करून घ्यावी लागली, असे डॉ. कुरियन यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. मुंबईकर पोल्सनशी एकनिष्ठ होते असे आपण म्हणू काय? त्यांची जीभ तेवढी तिथे अडकली होती. अमूलचा खारटपणा जिभेवर बसल्यावर त्याच लोकांनी पोल्सनची आठवणही काढली नाही.

दुसरी गोष्ट. मार्का जागेवर राहतो आणि त्याच्यामागचा माल बदलतो. 'आरे' हे नाव आमच्या लहानपणी मुंबईकराच्या सकाळचेच नाव होते. बाटली घेऊन केंद्रावर रांगेत उभे राहायचे, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. आज कित्येक केंद्रांवर पाटी आरेची आणि आत पिशव्या दुसऱ्याच दुधाच्या, शेजारी बिस्किटांचे पुडे, असे दृश्य दिसते. पाटीला नमस्कार करणारा गिऱ्हाईक नेमका कोणाला नमस्कार करीत असतो?

मग निष्ठा ही वस्तूच खोटी म्हणायची काय? नाही. खरी निष्ठा पाहायची तर मिरजेला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, सतार आणि तंबोरे बनविण्याचा धंदा धरला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांची वाद्ये करणारी घराणी आजही तेथे आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अनेक गवयांच्या घरी बापाचा तंबोरा ज्या घराण्याने केला त्याच घराण्याकडे मुलाचाही जातो. या निष्ठेला आम्ही हात जोडतो, कारण ती चार पायांवर उभी आहे. करणारा माणूस समोर दिसतो. जवारी बिघडली तर तो लावून देतो, आणि तो नसला तर दुसरा कारागीर लावतो. एकदा पैसे मोजले की तंबोरा तुमचा. कारागिराने दुकान विकले म्हणून तुमच्या घरातला तंबोरा मुका होत नाही. आणि चौथे, गवई कारागिराला ओळखतो तसा कारागीरही गवयाला ओळखतो. निष्ठा दोन्हीकडून वाहते.

या चार पायांवर सॉफ्टवेअरला बसवून पाहा. पहिली गोष्ट ही की आपण ते विकत घेतच नाही. आपण घेतो तो वापरण्याचा परवाना. ते बसविताना पडद्यावर एक लांबलचक करार येतो आणि खाली 'मान्य आहे' असे बटण असते. करार वाचणे हा आमचा धंदाच असल्याने आम्ही एक करार मुलीकडून समजून घेत संपूर्ण वाचला. वेतनकरारात दोन्ही बाजू बांधलेल्या असतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तर मालकावर अशी अट घातली होती की, कामाच्या अनेक शर्ती बदलायच्या तर एकवीस दिवस आधी सूचना दिली पाहिजे. या करारात बांधलेला होता तो बहुतांशी गिऱ्हाईक. बदलण्याचा, बंद करण्याचा आणि दुसऱ्याला विकण्याचा हक्क कंपनीने आपल्यापाशी ठेवला होता.

आणि कंपन्या तो हक्क वापरतात. हे आम्ही रागाने बोलत नाही. घडलेल्या गोष्टी सांगतो. ऑपकोड नावाची एक नामांकित अमेरिकन कंपनी संगीताचे सॉफ्टवेअर करीत असे. १९९८ साली गिटार बनविणाऱ्या गिब्सन कंपनीने ती घेतली आणि १९९९ पर्यंत तिचे काम थांबलेही. जर्मनीत इमॅजिक नावाची कंपनी होती. तिचे 'लॉजिक' ॲपल आणि विंडोज अशा दोन्ही जातींच्या संगणकांवर चाले. जुलै २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली आणि विंडोजवरचे लॉजिक बंद केले. ज्यांनी वर्षानुवर्षे लॉजिकशी निष्ठा राखली होती त्यांना एका सकाळी कळले की, निष्ठा टिकवायची असेल तर संगणकच बदलला पाहिजे.

तिसरी गोष्ट केकवॉकची. १९८७ पासून चालत आलेली ही कंपनी. २०१३ मध्ये तीही गिब्सनकडे गेली. २०१६ मध्ये तिने गिऱ्हाइकांना सांगितले की, एकदा पैसे भरा आणि आयुष्यभर सुधारणा फुकट घ्या. पुष्कळांनी भरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचे काम बंद केल्याचे जाहीर केले. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हे विचारायचे राहून गेले होते. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी सर्वांना फुकट दिले. म्हणजे ज्यांनी निष्ठेने पैसे भरले आणि ज्यांनी एक पैही भरली नाही, ते दोघे एका पंगतीला येऊन बसले!

आता आमच्या काळजाच्या जवळचा दाखला सांगतो. इंग्लंडमध्ये बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी स्वरलेखनाचे 'सिबेलियस' हे सॉफ्टवेअर केले आणि १९९३ पासून ते बाजारात आले. २००६ साली अमेरिकेच्या ॲव्हिड कंपनीने ते घेतले. २०१२ साली ॲव्हिडने लंडनचे कार्यालय बंद केले आणि ज्यांनी सिबेलियस घडविले त्या कामगारांना घरी पाठविले. मार्का राहिला, माणसे गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने कामावर घेतले आणि त्यांनी चार वर्षे खपून २०१६ साली 'डोरिको' हे नवे सॉफ्टवेअर काढले. आता सांगा, सिबेलियसशी निष्ठा असलेल्या गिऱ्हाइकाने कोणीकडे जावे? नाव जिथे आहे तिथे, की हात जिथे गेले तिथे? आम्ही गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत. गिरणीच्या नावाचे टॉवर उभे राहिले आणि साचेवाला रिक्षा चालवू लागला. त्यामुळे आमचे मत कोणत्या बाजूला पडणार हे आपण ओळखलेच असेल. तरी घाई करीत नाही. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे पहिले म्हणणे असे की, हात बसलेला असतो. दहा वर्षे एका यंत्रावर काम केलेल्या माणसाला कोणती कळ कुठे आहे हे पाहावे लागत नाही. नवे यंत्र आणले की सहा महिने तो शिकाऊ होतो. हे शंभर टक्के खरे आहे, आणि बसलेला हात ही कामगाराची सर्वांत मोठी ठेव आहे. पण त्या ठेवीला तिच्या खऱ्या नावाने ओळखावे. ती कंपनीने दिलेली नाही. माणसाने आपल्या वेळेतून जमविली आहे. तिच्यासाठी एखाद्या सॉफ्टवेअरला चिकटून राहणे हा हिशेब झाला, निष्ठा नव्हे. हिशेब दर वर्षी तपासता येतो. निष्ठा तपासायला माणूस लाजतो.

दुसरे म्हणणे रोजगाराचे. आमच्या शेजारी गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. तेथे किंवा अंधेरीच्या स्टुडिओत ज्या मुलाला ध्वनीचे काम करायचे त्याने त्या स्टुडिओत जे चालते तेच शिकावे. मोठ्या स्टुडिओंत बहुधा 'प्रो टूल्स' चालते, तर ते शिकावे. गिरणीत जो साचा असेल त्यावरच हात बसवावा लागतो. पण साच्यावर काम करणारा साच्याच्या कारखानदाराचा भक्त असावा लागत नाही. प्रो टूल्सची मालक ॲव्हिड कंपनी स्वतःच २०२३ साली एका गुंतवणूक कंपनीकडे गेली.

तिसरे म्हणणे असे की, काही कंपन्या शब्द पाळतात. हेही खरे. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने आपल्या 'एफएल स्टुडिओ'च्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर फुकट सुधारणा देण्याचे वचन दोन दशकांहून अधिक काळ पाळले आहे. 'रीपर' नावाचे सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला देते. अशांविषयी कृतज्ञता जरूर असावी. चांगल्या मालकाला आम्हीही चांगलेच म्हणतो. पण चांगला मालक मिळाला म्हणून संघटना मोडत नाहीत. त्याचा मुलगा कसा निघेल, हे कोणी सांगावे?

आता आमची मान का खाली गेली ते सांगतो.

आरे कॉलनीत वारल्यांचे पाडे आहेत. वसाहत होण्याच्या कितीतरी आधीपासून ते लोक तेथे राहतात. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून विधी चालवणारी स्त्री असते, तिला धवलेरी म्हणतात. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. एका पाड्यावरची म्हातारी धवलेरी आमच्या कलापथकाच्या मुलांना नातवंडांसारखी मानी. तिने आपणहून सांगितले, "माझ्यामागं कोण म्हणणार? घ्या तुमच्या डबीत." चार संध्याकाळी तिच्या अंगणात बसून मुलांनी ती गाणी मुद्रित केली. एका पट्टीवर ती, दुसरीवर तिच्यामागून म्हणणाऱ्या बाया. ती मध्येच थांबे, खोकला येई, मागचे कडवे पुन्हा घेई. शिवाय विधीच्या क्रमाने न गाता आठवेल तसे गाई. त्यामुळे तुकडे झाले चारशेहून अधिक. मुलीने तिच्याशेजारी बसून, विचारून-विचारून, प्रकल्पाच्या फाइलीत ते तुकडे विधीच्या क्रमाने लावले. नऊ गाणी तयार झाली.

त्या वेळी मुलगी आम्हांला म्हणाली होती, "काका, प्रत्येक गाणे सलग करून साध्या रूपात वेगळे साठवून ठेवू. त्यासाठी एक डिस्क घ्यायला हवी. आणि पुढच्या वर्षी ही कंपनी सोडून देऊ. तिचा मालक बदलला आहे, असे वाचले." खजिना आमच्या हाती होता. आम्ही म्हणालो, "डिस्क पुढच्या वर्षी पाहू. आणि जिचे सॉफ्टवेअर इतकी वर्षे वापरले तिला असे सोडायचे नसते. आपण संघटनेची माणसे आहोत." हे आमचे शब्द. ढोलकीवाल्याने गेल्या वर्षी तेच आम्हांला परत ऐकवले.

पुढच्या पावसाळ्यात कार्यालयाचे छत गळले आणि संगणक पाण्यात गेला. दुरुस्त करणाऱ्याने डिस्क वाचवली. आवाजाचे तुकडे सगळे निघाले. नव्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवायला गेलो तर परवाना जुन्या यंत्राच्या नावावर. नव्या मालकाकडे पत्रे लिहिली. उत्तर आले की, जुन्या परवान्यांची नोंद त्यांच्याकडे नाही आणि ती आवृत्ती आता बंद आहे. कंपनीचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही. मणी हातात राहिले, दोरा गेला. आणि क्रम कोणाला विचारावा, तर मधल्या काळात म्हातारी वारली होती.

शेवटी तिच्यामागून म्हणणाऱ्या बायांना बोलावले. दिवसभर घरकामे करून त्या संध्याकाळी येत. एकेक तुकडा वाजवायचा आणि त्यांनी सांगायचे : हे तांदूळ टाकतानाचे, हे हळदीचे. अकरा संध्याकाळी हे चालले. सहा गाणी लागली. तीन गाण्यांबद्दल त्यांचे एकमत झाले नाही. ती तशीच तुकड्यांनी आमच्याकडे पडून आहेत. जाताना त्यांतली एक म्हणाली, "आम्हांला आधी बोलावलं असतं तर तिच्या देखत पाठ केलं असतं." आम्ही काय उत्तर देणार? निष्ठा जिथे ठेवायची तिथे ठेवली नाही आणि जिथे कोणी आम्हांला ओळखतही नव्हते तिथे ठेवली, हा आमचा अपराध आहे. कंपनीचा दोष तिच्या पदरी. पण एक डिस्क वाचविणारा हात आमचा होता.

या प्रसंगानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचताना एक गोष्ट ध्यानात आली ती आमच्या ओळखीची निघाली. मार्च २०२३ मध्ये वेव्हज नावाच्या कंपनीने जाहीर केले की, यापुढे कायमचा परवाना मिळणार नाही. भाडे भरा आणि वापरा. जगभरच्या गिऱ्हाइकांनी एकच गिल्ला केला. तीन-चार दिवसांत कंपनीने माफी मागितली आणि कायमचे परवाने पुन्हा सुरू केले. ऑगस्ट २०२४ मध्ये 'फिनाले' या ३५ वर्षांहून जुन्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचे काम थांबविल्याचे जाहीर झाले. आधी म्हणाले, वर्षभरानंतर नव्या यंत्रावर ते चालू करून मिळणार नाही. लोक खवळले, तेव्हा ती अट लगेच मागे घेतली गेली. यांतले कित्येक गिऱ्हाईक वीस-वीस वर्षांचे एकनिष्ठ होते. त्यांच्या निष्ठेने काही मिळाले नाही. मिळाले ते सर्वांनी मिळून एका वेळी तोंड उघडल्यामुळे. भगिनींनो आणि बंधूंनो, याला आमच्या भाषेत संघटना म्हणतात.

आणखी एक दाखला देतो. तो सर्वांत मोठा आहे. १९८० च्या सुमारास विजेवर चालणारी वाद्ये करणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या, आणि एकीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. सर्वांची मिळून एक सामाईक भाषा ठरवावी आणि तिच्यासाठी कोणाकडून परवान्याचे पैसे घेऊ नयेत, असे ठरले. जानेवारी १९८३ मध्ये स्मिथ यांच्या कंपनीचे वाद्य आणि रोलँडचे वाद्य एका तारेने जोडून दाखविण्यात आले : एकावर बोट ठेवले की दुसरे वाजले. त्या भाषेला 'मिडी' म्हणतात. स्मिथ यांची सिक्वेन्शियल कंपनी १९८७ साली बंद पडली. मिडी मात्र आजही जगभरच्या वाद्यांत आणि संगणकांत चालू आहे. २०१३ साली त्या दोघांना तिच्यासाठी ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. मार्का बुडाला आणि सामाईक करार तरला. प्रकल्पाच्या दोऱ्यासाठीही असा प्रयत्न सुरू झाला आहे. २०२३ साली बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी 'डॉप्रोजेक्ट' नावाचे खुले रूप जाहीर केले. त्यात साठविलेले काम एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावे, हा हेतू. सगळ्यांनी ते स्वीकारलेले नाही. पण दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की तुमच्याकडे येण्याचा रस्ता दिसतो, जाण्याचा कुठे आहे?

आमचा निवाडा काय झाला, हे सांगून संपवितो. आम्ही पथकाच्या सभेत आपली चूक कबूल केली आणि मग तिघांनी मिळून चार नियम लिहिले. पहिला : जे घ्यायचे ते कामाला पुरते आणि खिशाला झेपते घ्यावे; 'ऑडॅसिटी', 'आर्डर' यांसारखी खुली साधने आधी वापरून पाहावीत. दुसरा : गाणे पूर्ण झाले की त्याच दिवशी प्रत्येक पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग करून, कोणत्याही यंत्राला वाचता येईल अशा साध्या रूपात साठवावी, आणि तिच्या तीन प्रती तीन घरी ठेवाव्यात. तिसरा : शब्द, क्रम आणि गाणाऱ्याचे म्हणणे वहीत लिहून ठेवावे, वहीला परवाना लागत नाही. चौथा : दर वर्षी मे महिन्यात हिशेबाबरोबर या प्रश्नाचाही हिशेब घ्यावा, की याच सॉफ्टवेअरवर राहायचे की निघायचे.

मुलीच्या सांगण्यावरून आम्ही स्वस्तातला परवाना घेतला. उरलेल्या पैशांतून दोन डिस्का घेतल्या आणि एक ध्वनिग्राहक घेतला. ढोलकीवाल्याचा हात नव्या सॉफ्टवेअरवर अजून बसलेला नाही. तो रोज कुरकुरतो, आणि त्याची कुरकूर खोटी नाही. एक डिस्क पाड्यावर ठेवली आहे, त्या बायांच्याच घरी. त्यांतल्या दोघींनी लागलेली सहा गाणी पाठ करायला घेतली आहेत आणि एकीची सून त्यांच्या बाजूला बसते. उरलेली तीन गाणी लागतील की नाही, सांगता येत नाही.

तेव्हा मार्क्याशी निष्ठा राखावी काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : मार्क्याशी व्यवहार राखावा, तोही डोळे उघडे ठेवून. निष्ठा राखायची ती गाणाऱ्याशी, शेजारी बसून काम करणाऱ्याशी आणि सर्वांच्या सामाईक मालमत्तेशी. हे आम्हांला आधीच माहीत असायला हवे होते. धंदाच आमचा तो आहे. उशिरा कळले, म्हणून आपल्यापुढे कबूल करीत आहोत, की आपणांस तरी वेळेवर कळावे.